मॅसोकिझम : आडनांवापासून रोगनामापर्यंत



आपला संघ हरत आहे हें स्पष्ट दिसत असूनही रात्रीं दोन वाजेपर्यंत क्रिकेटचा सामना पाहत जागणाऱ्या माणसास हल्लीं विनोदी लेखक ‘मॅसोकिस्ट’ म्हणतात. तोच शब्द वैद्यकाच्या ग्रंथांत येतो, न्यायालयाच्या वृत्तांतांत येतो, चित्रपटाच्या परीक्षणांत येतो. आणि एखादी बाई वर्षानुवर्षें जाच सोसते आहे असें कळलें म्हणजे तिच्याविषयीं बोलतांना शिकलेलीं माणसें तोच शब्द हलक्या आवाजांत उच्चारतात. ज्या शब्दाला थट्टेपासून रोगनिदानापर्यंत सगळीं दारें मोकळीं आहेत, त्याचें कुळ आणि शील एकदां विचारून घ्यावें, असें माझ्या धंद्याची संवय मला सांगते. मी वैद्य नव्हे, मानसशास्त्रज्ञही नव्हे. शाळेंत मुलांना भाषा शिकविण्यांत माझा जन्म गेला. रोगाची चिकित्सा करण्याचा अधिकार मला नाहीं; शब्दाची करूं पाहतों. विषय थोडा संकोचाचा आहे. परंतु घरांतल्या सर्वांना एकत्र बसून ऐकतां येईल इतकी मर्यादा मी सांभाळीन.

ऑस्ट्रियाच्या जुन्या साम्राज्यांत गॅलिशिया नांवाचा प्रांत होता. त्याची राजधानी लेंबर्ग. हें नांव जर्मन लोकांचें. पोल लोक त्याच शहराला ल्वूफ म्हणत, रशियन ल्वोव म्हणत, आणि आज तें युक्रेनमध्यें असून त्याला ल्विव्ह म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत येथील विद्यापीठांत फ्रान्ट्स माझोख नांवाचे वैद्यकाचे प्राध्यापक होते. त्यांचें नांव पुढें चालविणारा पुत्र नव्हता. त्यांच्या मुलीचें लग्न लेओपोल्ड फोन झाखर या पोलीसखात्यांतील वरिष्ठ अधिकाऱ्याशीं झालें होतें. आपल्याकडे अशा वेळीं दत्तक घेऊन वंश राखीत. तिकडे त्यांनीं निराळी तोड काढली. माझोख हें नांव बुडूं नये म्हणून १८३८ सालीं सरकारच्या अनुज्ञेनें जांवयानें आपल्या आडनांवास सासऱ्याचें आडनांव जोडून घेतलें, आणि घराणें झाखर-माझोख झालें. मुलाचें नांवही लेओपोल्डच. तो २७ जानेवारी १८३६ रोजीं जन्मलेला, म्हणजे तेव्हां दोन वर्षांचा होता.

याच मुलाच्या नांवावरून आपला शब्द झाला. आणि तोही बापाच्या नांवावरून नव्हे, आईच्या माहेरच्या नांवावरून. नांव बुडूं नये अशी इच्छा होती, आणि तें बुडालें नाहीं हें खरें. जगांतल्या बहुतेक मोठ्या शब्दकोशांत तें आज आहे. तें तेथें कोणत्या अर्थानें आहे हें त्या प्राध्यापक आजोबांस कळलें असतें तर जोडनांवाची खटपट त्यांनीं होऊं दिली असती कीं नाहीं, याची मला शंका वाटते.

लेओपोल्ड फोन झाखर-माझोख हा कोणी व्यसनी उनाड मनुष्य होता अशी समजूत या शब्दामुळें सहज होते. ती चुकीची आहे. त्याला सांभाळणारी दाई रुथेनियन, म्हणजे आज ज्यांना युक्रेनियन म्हणतात त्या समाजांतील शेतकरीण होती. तिच्या गोष्टींवर तो वाढला. तो दहा वर्षांचा असतांना, १८४६ सालीं, गॅलिशियांतील शेतकऱ्यांनीं आपल्या पोलिश जमीनदारांविरुद्ध उठून त्यांची कत्तल केली. बाप पोलीस-अधिकारी, त्यामुळें हा प्रकार घरांत पोंचल्याखेरीज राहिला नसेल. जमीनदार आणि वेठबिगार, हुकूम देणारा आणि हुकूम झेलणारा, यांचें नातें त्यानें असें जवळून पाहिलें. पुढें तो ग्रात्स येथें शिकला, १८५६ सालीं इतिहासांत डॉक्टर झाला, तेथेंच इतिहास शिकवूं लागला, आणि १८५८ सालीं त्यानें आपली पहिली कादंबरी लिहिली ती १८४६च्या त्या बंडावरच. नंतर अध्यापन सोडून तो पूर्णपणें लेखनाकडे वळला. गॅलिशियांतील शेतकरी, यहुदी, पोल, रुथेनियन अशा नानाविध लोकांच्या कथा त्यानें लिहिल्या. त्यांचीं फ्रेंच भाषांतरें झालीं आणि पॅरिसमध्यें त्याचा मोठा बोलबाला झाला. १८८१ ते १८८५ या काळांत लाइप्झिग येथून तो एक मासिक चालवीत असे. यहुदी लोकांविरुद्ध त्या वेळीं उसळलेल्या द्वेषाचा त्यांत त्यानें निषेध केला आणि स्त्रियांना शिक्षण व मताधिकार मिळावा असा आग्रह धरला. आयुष्याच्या अखेरीस हेसमधील लिंडहाइम या खेड्यांत राहून तो खेडुतांच्या शिक्षणाची चळवळ करीत होता. १८९५च्या मार्चमध्यें तो वारला.

‘केनचा वारसा’ या नांवाची एक विशाल कथामाला त्यानें योजिली होती. प्रेम, मालमत्ता, राज्यसंस्था, युद्ध, श्रम आणि मृत्यु हे तिचे सहा विषय. त्यांतील पहिल्या भागांत, १८७० सालीं, ‘फरचा झगा ल्यालेली व्हीनस’ अशा अर्थाच्या नांवाची एक लहानशी कादंबरी आली. झेव्हेरीन नांवाचा एक सुखवस्तु जमीनदार एका विधवेच्या प्रेमांत पडतो, आणि आपण होऊन करार लिहून देऊन तिचा गुलाम होतो. नांव बदलतो, नोकराचा पोषाख करतो, तिच्या हातचा चाबूक सोसतो. लेखकानें स्वतःच्या आयुष्यांतही अशा तऱ्हेचा करार केला होता, ही गोष्ट पुढें प्रसिद्ध झाली. त्याच्या तपशिलांत शिरण्याचें आपणांस कारण नाहीं. पण कादंबरीचा शेवट कसा आहे हें सांगितलें पाहिजे, कारण तो फारसा कोणी सांगत नाहीं. शेवटीं या नायकाचे डोळे उघडतात, आणि तो असा निष्कर्ष काढतो कीं, सध्यांच्या स्थितींत स्त्री ही पुरुषाची एक तर गुलाम होऊं शकते किंवा त्याच्यावर जुलूम करणारी. सोबतीण मात्र होऊं शकत नाहीं. तें होण्यासाठीं तिला पुरुषाइतके हक्क, पुरुषाइतकें शिक्षण आणि पुरुषासारखें काम मिळालें पाहिजे. कादंबरीचा हा भाग विसरला गेला आणि चाबूक तेवढा लोकांच्या लक्षांत राहिला.

आतां शब्द घडविणाऱ्याकडे वळूं. रिखार्ट फोन क्राफ्ट-एबिंग (१८४०–१९०२) हे ग्रात्स येथें आणि नंतर व्हिएन्ना येथें मनोविकारांचे प्राध्यापक होते. १८८६ सालीं त्यांनीं ‘सायकोपॅथिया सेक्शुॲलिस’ नांवाचा ग्रंथ लिहिला. कामवासनेचे विकार हा त्याचा विषय. ग्रंथ वैद्यांसाठीं आणि न्यायाधीशांसाठीं होता. सामान्य वाचकानें तो चाळूं नये म्हणून नांव लॅटिन ठेविलें होतें आणि आंतील नाजूक मजकूरही लॅटिनमध्येंच घातला होता. परिणाम उलट झाला. आवृत्तीमागून आवृत्ति खपली. (शाळेंतील ग्रंथालयाच्या ज्या कपाटाला कुलूप, त्याच कपाटापाशीं मुलें घुटमळतात, हा अनुभव मला नवा नाहीं.) १८९० सालीं या विषयावरील पुरवणी-पुस्तकांत, आणि मग मूळ ग्रंथाच्या पुढल्या आवृत्तींत, त्यांनीं ‘माझोखिस्मुस’ हा शब्द प्रथम योजिला.

लक्षांत घ्या, १८९० सालीं तो लेखक जिवंत होता. त्याच्या जोडीचा ‘सॅडिझम’ हा शब्द मार्की द साद या फ्रेंच सरदाराच्या नांवावरून झालेला. परंतु साद १८१४ सालींच मेला होता आणि तो शब्द फ्रेंच कोशांत १८३४च्या सुमारास आला. मेलेल्या माणसाच्या नांवावर शब्द करणें निराळें आणि हयात गृहस्थाच्या नांवावर करणें निराळें. त्याच्या चाहत्यांनीं निषेध केला. क्राफ्ट-एबिंगनीं दिलेलें उत्तर वाचण्यासारखें आहे. रंगांधळेपणाला डाल्टनच्या नांवावरून ‘डाल्टनिझम’ म्हणतात, त्याच धर्तीवर मीं हा शब्द केला, असें ते म्हणतात. आणि आपला दोष नसतां अंगीं आलेल्या विकारामुळें या गृहस्थाची माणूस म्हणून किंमत सुज्ञांच्या दृष्टीनें कमी होत नाहीं, अशीही पुस्ती जोडतात.

डाल्टनचा दाखला चतुराईचा आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन याला स्वतःलाच कांहीं रंग नीट दिसत नसत, आणि आपल्या त्या उणीवेचें वर्णन त्यानें १७९४ सालीं विद्वानांपुढें वाचून दाखविलें. ज्याला विकार त्यानेंच वर्णन केलें, हें साम्य दोघांतही आहे. परंतु रंग न दिसण्याची कोणाला लाज वाटत नाहीं. फ्रान्समध्यें आणि स्पेनमध्यें आजही लोक त्या विकाराला डाल्टनचेंच नांव देतात, आणि डाल्टनच्या कीर्तीला त्यानें धक्का लागत नाहीं. झाखर-माझोखचें तसें झालें नाहीं. त्याच्या गॅलिशियाच्या कथा आतां कोण वाचतो?

माणसाचें नांव वस्तूस चिकटतें तेव्हां तें न्याय पाहत नाहीं. हेमाद्रि पंडिताच्या कित्येक वर्षें आधीं बांधलेल्या देवळांनाही आपण ‘हेमाडपंती’ म्हणतों. महंमद तुघलकाच्या हातून कांहीं बरें झालें असलें तरी ‘तुघलकी कारभार’ म्हटल्यावर तें कोणाला आठवत नाहीं. आयर्लंडमधील कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर १८८० सालीं कुळांनीं बहिष्कार घातला, आणि त्याचें आडनांव स्वदेशीच्या चळवळींत आपल्याकडेही घरोघर पोंचलें. तो कोण होता हें ठाऊक असण्याची कोणाला गरजच भासली नाहीं.

व्यक्तीचें नांव नको, वर्णन करणारा शब्द घ्या, असाही प्रयत्न झाला. श्रेंक-नोत्सिंग या जर्मन वैद्यानें १८९२ सालीं ग्रीक भाषेंतील वेदना आणि कामवासना या अर्थाचे दोन शब्द जोडून ‘अल्गोलाग्निया’ असा शब्द केला. कांहीं विद्वानांनीं तो उचलला, पण लोकांत रुजला नाहीं. तो जिभेस जड होता, आणि शिवाय त्यांत गोष्ट नव्हती. आडनांवामागें चाबूक, करार, फरचा झगा अशी सगळी कथा उभी होती.

परंतु श्रेंक-नोत्सिंगच्या शब्दांत एक दोष आणखी होता, आणि पुढें आपल्या मराठी शब्दाचा विचार करतांना तो उपयोगी पडेल. त्यानें वेदनेवर भर दिला. क्राफ्ट-एबिंगचा भर वेदनेवर नव्हता, अधीनतेवर होता. दुसऱ्याच्या इच्छेला आपण सर्वस्वीं वश आहों, ती व्यक्ति आपली धनीण आहे आणि ती आपला अवमान करीत आहे, या कल्पनेनें ज्याच्या मनांत कामविषयक सुख उत्पन्न होतें, त्याला त्यांनीं हें नांव दिलें. मार हें त्या अधीनतेचें एक चिन्ह. कित्येकांच्या बाबतींत मार नसतोच. तेव्हां या शब्दाच्या मूळ अर्थाला तीन खुंट आहेत : दुसरी व्यक्ति, आपखुषी आणि कामवासना. यांतील एक जरी उपटला तरी शब्द मूळ जागीं राहत नाहीं.

शब्द नवा असला तरी भावना नवी नव्हती. फ्रेंच तत्त्वज्ञ रूसो यानें आपल्या आत्मचरित्रांत, लहानपणीं एका शिक्षिकेच्या हातच्या शिक्षेनें आपल्या मनावर झालेला चमत्कारिक परिणाम निःसंकोचपणें सांगितला आहे, आणि क्राफ्ट-एबिंगनीं त्याचा दाखला घेतला. आपल्याकडे वात्स्यायनानें नखक्षतें, दंतक्षतें आणि प्रहार यांवर प्रकरणेंच्या प्रकरणें लिहिलीं. अतिरेकानें जीव गेल्याचे दाखले देऊन सावधही केलें. पण तो वर्णन करतो तें कृतीचें. अमुक कृति आवडणारा तो अमुक जातीचा मनुष्य, असा वर्ग त्यानें पाडला नाहीं. तें काम एकोणिसाव्या शतकांतील वैद्यांनीं केलें. आधीं कृति होती. नांव मिळाल्यावर त्या नांवाचीं माणसें झालीं.

आतां हा शब्द देशोदेशीं कसा गेला तें पाहूं. मला स्वतःला यांत फार मौज वाटते, कारण उच्चारावरून शब्दाचा प्रवास ओळखतां येतो. मूळ नांव जर्मनांत ‘माझोख’ असें उच्चारतात; झ हा आपल्या ‘माझा’ मधल्यासारखा, आणि ख उर्दूंतील ‘खबर’ सारखा, घसा खरवडून काढलेला. फ्रेंचांनीं अक्षरें तशींच ठेविलीं, पण त्यांच्या वाचनाच्या नियमाप्रमाणें ख चा श झाला : ‘माझोशीस्म’. इंग्रजांनीं त्याच अक्षरांचा क केला, आणि तोच ‘मॅसोकिझम’ आपल्याकडे आला. इटालियन व स्पॅनिश लोकांनींही क च म्हटला. स्पॅनिशांनीं तर लेखनही बदलून टाकलें. रशियन व युक्रेनियन यांनीं झ आणि ख दोन्ही जपले. आतां तुर्की शब्द पाहा : ‘माझोशिझ्म’. श कोठून आला? तुर्कांनीं पाश्चात्य विद्या मोठ्या प्रमाणांत फ्रेंच ग्रंथांतून घेतली, त्याची ही मोहोर. अरबी भाषेंत दोन्ही रूपें चालतात, ‘माझूखिय्या’ आणि ‘माझूशिय्या’. जपानी लोकांनीं ‘माझोहिझुमु’ केलें, मग त्याचें ‘माझो’ केलें, आणि आतां तरुण मंडळी इंग्रजी वर्णमालेंतील नुसतें ‘एम’ हें एक अक्षर म्हणून थट्टामस्करींत एकमेकांचे स्वभाव सांगतात. लेंबर्गच्या प्राध्यापकांच्या कुळाचें अखेर एक अक्षर उरलें!

ज्या भाषांनीं उसना शब्द नुसता न घेतां आपला घडविला, त्या अधिक शिकवितात. चिनी शब्दांत तीन चिन्हें आहेत : स्वीकारणें, क्रौर्य आणि वेड. म्हणजे दुसऱ्याचें क्रौर्य आपल्यावर घेण्याचें वेड. फारसींत परकें ‘माझोखीस्म’ आहेच, पण त्याबरोबर ‘खुद-आझारी’ असा स्वकीय शब्दही आहे. खुद म्हणजे स्वतः, आणि ‘आझार’ म्हणजे त्रास, पीडा. हा आझार आपल्या परिचयाचा आहे. मराठींतला ‘आजार’ तो हाच. फारसींतल्या पीडेचें आपण दुखणें केलें. सॅडिझमला फारसी लोक ‘दिगर-आझारी’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्यास पीडा देणें. हिंदी आणि मराठी पुस्तकांतून याच वळणावर ‘परपीडन’ आणि ‘आत्मपीडन’ किंवा ‘स्वपीडन’ अशा जोड्या लाविलेल्या आढळतात.

बंगाली विद्वानांनीं मात्र निराळी वाट धरली. त्यांनीं सॅडिझमला ‘धर्षकाम’ आणि मॅसोकिझमला ‘मर्षकाम’ असे शब्द केले. संस्कृतांत धृष् धातूचा अर्थ धीट होणें, अंगावर चालून जाणें. मृष् धातूचा अर्थ सहन करणें, क्षमा करणें. ज्याला सहन होत नाहीं त्याचा ‘अमर्ष’ साहित्यशास्त्रांतील व्यभिचारी भावांच्या यादींत आपण शिकलेले आहोंत. धर्ष आणि मर्ष, एका अक्षराचा काय तो फरक. कानाला जोडी म्हणून लगेच पटते, आणि अर्थही नेमका बसतो. परभाषेंतला शब्द आपल्या भाषेंत आणावा तर असा आणावा.

आतां आपल्या ‘आत्मपीडन’ शब्दाची परीक्षा करूं. आत्मपीडन म्हणजे आपणच आपल्याला पीडा देणें. येथें पीडा देणारा आणि घेणारा एकच. मघांशीं सांगितलेल्या तीन खुंटांपैकीं दुसरी व्यक्ति हा खुंट येथें उपटला गेला, आणि कामवासनेचा तर मागमूसही राहिला नाहीं. शिवाय हा अर्थ आपल्या भाषेंत रिकामा पडलेला नव्हता. गीतेच्या सतराव्या अध्यायांत, मूढ हट्टानें स्वतःस पीडा देऊन केलेल्या तपास तामस म्हटलें आहे. जैनांच्या बाह्य तपांत ‘कायक्लेश’ आहे. खिळ्यांवर निजणारा बैरागी आणि कडक एकादशी करणारी आजी हीं दोघेंही ‘आत्मपीडन’ या शब्दाच्या कक्षेंत सहज सांपडतात. मग कोशांत या शब्दासमोर मॅसोकिझम लिहिलेलें पाहून एखादा नवशिका लेखक त्या आजीला काय म्हणेल? म्हणतातच. दास्यभक्तीला मॅसोकिझम म्हटलेलें मीं वाचलें आहे. भागवतांतली कुंती कृष्णापाशीं विपत्ति मागते, तिलाही हें लेबल लाविलेलें एका व्याख्यानांत मीं ऐकलें. कुंतीला दुःखाची गोडी नव्हती. संकटांत कृष्ण भेटतो हा तिचा अनुभव होता, आणि तिला कृष्ण हवा होता. साधन कोणतें आणि साध्य कोणतें एवढा विवेक आठवींतला मुलगाही करतो.

अर्थाचा हा सैलपणा एकट्या मराठीचा दोष नव्हे. खुद्द युरोपांत त्याची सुरुवात झाली, आणि ती थोर माणसाच्या हातून झाली. सिग्मंड फ्रॉइड यांनीं १९२४ सालीं लिहिलेल्या एका निबंधांत मॅसोकिझमचे तीन प्रकार पाडले. पहिला कामविषयक. दुसऱ्याला त्यांनीं स्त्रैण म्हटलें, आणि चमत्कार असा कीं, त्याचें विवरण पुरुष-रुग्णांवरून केलें. तिसरा नैतिक. या तिसऱ्यांत दुसरी व्यक्ति नाहीं, उघड कामवासनाही नाहीं. मनाच्या तळाशीं आपण अपराधी आहों अशी जाणीव असते, तिला शिक्षा हवी असते, म्हणून मनुष्य नकळत आपलें नुकसान ओढवून घेतो, असा त्यांचा सिद्धान्त. सिद्धान्त खोल आहे; कांहीं माणसें पाहिलीं म्हणजे तो खराही वाटतो. पण त्यामुळें एक दार उघडलें. ज्याचें वाईट झालें त्याला तें आंतून हवेंच होतें, असें आतां कोणाहीविषयीं म्हणतां येऊं लागलें, आणि त्यानें ‘नाहीं’ म्हटलें तर तुला तें कळत नाहीं, असें उत्तर तयार. त्यांत ‘स्त्रैण’ हें विशेषण जोडीला होतेंच. सोसणें हा स्त्रीचा स्वभावच, असें कांहीं मनोविश्लेषक लिहूं लागले. कॅरेन हॉर्नी या विदुषीनें १९३५ सालीं त्याला उत्तर दिलें. स्त्रीच्या देहांत याचें मूळ शोधण्यापूर्वीं, तिचें पोट कोणावर अवलंबून आहे, तिला घराबाहेर कर्तृत्वाला वाव आहे काय, समाज तिला कमी लेखतो काय, हें पाहा, असा तिच्या म्हणण्याचा रोख होता.

हा वाद पुस्तकी नाहीं. आमच्या जुन्या वाड्यांत एक बाई राहत असत. नवरा मारी. भिंतीपलीकडे आम्हां सर्वांना ऐकूं येई. दोनदां माहेरीं गेल्या आणि दोनदां परत आल्या. एके दिवशीं कट्ट्यावर बसलेले एक पदवीधर गृहस्थ म्हणाले, “परत येते त्या अर्थीं तिला तें आवडत असलें पाहिजे. याला मॅसोकिझम म्हणतात.” कट्ट्यावरचीं माणसें गप्प झालीं, शास्त्रानें निकाल दिला होता ना! त्या बाई परत कां येत हें वाड्यांतल्या बायकांना ठाऊक होतें. माहेरीं भावाचा संसार दोन खोल्यांचा, स्वतःजवळ शिक्षण चौथीपर्यंतचें, आणि दोन मुलें नवऱ्याच्या घरीं. तीन खुंटांपैकीं आपखुषी कोठें आहे, हा प्रश्न त्या गृहस्थांना कोणी विचारला नाहीं. एका परकीय शब्दानें त्या दिवशीं सगळ्या वाड्याची जबाबदारी उतरवून टाकली.

हेंच मोठ्या प्रमाणावर अमेरिकेंत घडूं पाहत होतें. तेथील मनोवैद्यकांची संघटना आपल्या रोगसूचीची सुधारणा करीत असतां १९८५च्या सुमारास ‘मॅसोकिस्टिक व्यक्तिमत्त्व’ हा विकार तींत घालावा अशी सूचना आली. स्त्रियांच्या संघटनांनीं आणि कित्येक तज्ज्ञांनीं तीव्र विरोध केला. नवऱ्याच्या हातचा मार खाणारी बाई या व्याख्येंत नेमकी बसेल, आणि मारणाऱ्याऐवजीं मार खाणारीचाच रोग ठरेल, हें त्यांचें म्हणणें. तेव्हां नांव बदलून ‘स्वतःचा पराभव करणारें व्यक्तिमत्त्व’ असें केलें आणि १९८७च्या सूचींत तें परिशिष्टांत टाकलें. १९९४च्या सूचींतून तें परिशिष्टांतूनही गेलें. मूळच्या कामविषयक अर्थाचेंही तेंच होत आलें आहे. २०१३च्या अमेरिकन सूचीप्रमाणें अशी नुसती आवड असणें हा विकार नव्हे. त्यापायीं माणसास क्लेश होत असतील किंवा त्याच्या व्यवहारांत बिघाड येत असेल तरच विकार. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मंजूर केलेल्या आणि २०२२पासून लागू झालेल्या रोगसूचींत तर हें स्वतंत्र रोगनामच उरलें नाहीं. संमति नसलेल्या माणसावर क्रौर्य करण्यांत सुख मानणें हा विकार मात्र सूचींत राहिला आहे, आणि तसा तो राहणें रास्त आहे.

म्हणजे वैद्यांनीं शब्द बराचसा खालीं ठेवला, आणि आपण बोलण्यांत तो उचलून धरला आहे. मराठीपुरतें माझें म्हणणें थोडक्यांत सांगतों. शास्त्रीय अर्थ सांगावयाचा असेल तर मॅसोकिझम हाच शब्द लिहावा, किंवा बंगाल्यांचा मर्षकाम उसना घ्यावा. धातु संस्कृत आहे, तो कोणा एकट्याचा नाहीं. आत्मपीडन हा शब्द तपस्व्यांकडे राहूं द्यावा. थट्टेच्या कामाला तर परकीय शब्दाची जरूरच नाहीं. हरणारा सामना जागून पाहणाऱ्याला ‘विकतचें दुखणें’ म्हणावें, ‘सुखाचा जीव दुःखांत घातला’ म्हणावें. यांत नेमकेपणाही आहे आणि कोणाच्या आजोबांचें आडनांवही खर्चीं पडत नाहीं.

आणि आणखी दोन शब्द शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. मराठींत ‘सोस’ म्हणजे हांव, अतिरेकी हौस. ‘सोसणें’ म्हणजे सहन करणें. रूपानें जुळीं भावंडें वाटतात, पण एकाच्या घरीं दुसरें राहत नाहीं. जिला सोसावें लागतें तिला सोसण्याचा सोस आहे, असें आपल्या खेड्यांतली निरक्षर म्हातारीही म्हणणार नाहीं. तिच्याजवळ त्यासाठीं ‘सोशिक’ असा शब्द आहे. त्यांत थोडी स्तुति असते आणि पुष्कळदां थोडा खेदही असतो. निदान दोष नसतो. कट्ट्यावरच्या त्या पदवीधराला हा शब्द येत होता. त्यानें तो वापरला असता तर कोणीतरी पुढें विचारलें असतें, “सोशिक आहे खरी, पण तिनें किती सोसावें?”

ल्विव्ह शहरांत २००८ सालीं झाखर-माझोखचा पुतळा उभा राहिला. विद्यापीठापुढें नव्हे किंवा ग्रंथालयापुढेंही नव्हे, तर त्याचें नांव दिलेल्या एका उपाहारगृहाच्या दाराशीं. येणारेजाणारे त्याच्याजवळ उभे राहून हंसत हंसत छायाचित्रें काढून घेतात.